दहा गुणांची वाटणी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा दादा त्या रविवारी जेवण झाल्या झाल्या संगणकापुढे बसला. संध्याकाळी पाचला त्यांचा ऑनलाइन गेम कायमचा बंद होणार होता, आणि धाकट्या बहिणीबरोबर गुहेतल्या राक्षसाला लोळवायची ही शेवटचीच संधी होती. बारा वर्षांत दोघांना तेवढं एक जमलं नव्हतं.

त्या गेममध्ये दर पातळीला दहा गुण मिळत. ताकद, बचाव की उपचार, ते आपलं आपण ठरवायचं; एकदा टाकले की परत घेता येत नसत. दादाने आपले सगळे ताकदीत ओतले. शहाणपणा तिथेच थांबला असता तर बरं, पण धाकटीचेही त्यानेच वाटले: सगळे उपचारात, बचावात शून्य. तिला खरं तर तलवार हवी होती. "तू मागे राहून मला बरं करत राहा," म्हणून त्याने विषय संपवला. दर लढाईत तीच आधी पडायची, आणि पडलेल्याला नुसतं बघत राहावं लागे.

आता ती दूर एका बंदरावर क्रेन चालवते. सव्वाचारला ती गेममध्ये आली ती चिलखत घालून, हातात तलवार घेऊन.

"ही कोण?" त्याने फोनवर विचारलं.

"मीच. हे नवं पात्र आहे, सहा वर्षं एकटीने वाढवलीय."

"मला बोलली नाहीस ते?"

"तू विचारलंस कधी?"

दादाला ते झोंबलं. ती जुनी, उपचार करणारी वैद्यीणच आण, नाहीतर माझा निभाव लागायचा नाही, म्हणून तो गुहेच्या तोंडाशी अडून बसला.

"दादा, एवढ्या एका वेळी तू मागे राहा ना," ती म्हणाली.

हुज्जत घालण्यात वीस मिनिटं गेली. मग घड्याळ बघून तो तणतणतच आत शिरला, सवयीने पुढे धावला आणि पहिल्याच फटक्यात आडवा झाला.

आता बघत राहायची पाळी त्याची होती. धाकटी ढालीवर वार झेलायची, दम खायची, नेमकी फट शोधून घाव घालायची. इतकी वर्षं आपण हिला मागे उभं केलं, या विचाराने त्याला गलबलून आलं. राक्षसाचा जीव नखाएवढा उरला. तेवढ्यात पाच वाजले आणि पडदा काळा झाला.

"थोडक्यात हुकलं," ती हसत म्हणाली. "दोन मिनिटं हवी होती फक्त."

वीस मिनिटं कुणी खाल्ली, ते ती बोलली नाही. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं माझं, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"त्या तलवारवालीचं नाव काय ठेवलं होतंस गं?"

"आता काय उपयोग, दादा," ती म्हणाली, आणि कामाच्या पाळीवर जायचंय म्हणून तिने फोन ठेवला.