सासूबाईंच्या कवळीचं लायसन्स

सासूबाईंची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, ती नेमकी त्यांची बहीण यायच्या आदल्या दिवशी. बहिणीशी त्यांचं एक जुनं भांडण शिल्लक होतं आणि ते दातांशिवाय करायची त्यांची तयारी नव्हती.

आमचा धंदाच कवळ्यांचा. दवाखान्यांतून तोंडांची मापं येतात, आम्ही दात करून पाठवतो. म्हणून मी म्हटलं, "आई, तोंड उघडा, नवीन माप घेते."

"एकदा उघडलंय," त्या रुमालाआडून म्हणाल्या. "तेच वापर."

ते माप सर्व्हरवर होतं, आणि सर्व्हर प्लास्टरची धूळ खाऊन खाऊन कालच आडवा झाला होता. आमचे हे म्हणाले, "घाबरू नकोस, बॅकअप आहे." बॅकअप होताच. पण तो परत काढून देणारा प्रोग्राम म्हणाला, तुमचं लायसन्स संपलंय. मी त्या कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सर्व्हर किती, मॅडम?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"एक."

"त्यात प्रोसेसरच्या जागा किती?"

ह्यांनी टॉर्च लावून त्याच्या पोटात डोकावलं. "दोन. पण एक रिकामी आहे."

"रिकामीही धरावी लागेल, सर. तिथे कुणी येऊन बसू शकतं."

"आमच्याकडे कुणी येत नाही हो," हे म्हणाले.

"बरं, वापरकर्ते किती?"

"आम्ही दोघं आणि कारागीर," मी म्हटलं.

"तसं नाही. ज्याचा डेटा परत आणता येतो, तो वापरकर्ता."

म्हणजे ज्यांचे ज्यांचे दात आम्ही केले, ते सगळे. "अहो, त्यातले कितीतरी वारले असतील."

"त्यांना परत आणता येतं का?"

"दात येतील. माणूस नाही."

बाई साहेबांना विचारून आल्या. "वारलेले धरावे लागतील. आणि ते कधी वापरायला येतील याचा नेम नसल्यामुळे त्यांना अमर्याद लायसन्स लागेल."

हे मटकन खुर्चीत बसले. त्या लायसन्सच्या पैशांत अख्खा कारखाना गेला असता.

"आणि एकाच माणसाचं काढायचं असेल तर?" मी विचारलं.

"मग तो घरगुती वापर. फुकट आहे. फक्त त्या व्यक्तीने स्वतः, स्पष्ट आवाजात म्हणायचं की मी माझी स्वतःची वापरकर्ती असून माझा व्यावसायिक हेतू नाही."

आम्ही सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी रुमाल खाली घेतला, फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं. बाहेर नुसती वाफ आली.

"स्पष्ट आलं नाही."

पुन्हा वाफ.

"आजी, जरा दात लावून बोलता का?"

"दात असते तर तुझ्या दारात कशाला आले असते?" सासूबाई कडाडल्या. "स्पष्ट सांग, स्पष्ट सांग. आपले बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही तुझं हेच. तापातला माणूस काय स्पष्ट सांगणार गं? मी एकटीनं उचललं, बसवलं, भरवलं. तू लांबून नुसती खुशाली विचारलीस."

मी फोन घ्यायला हात पुढे केला, तो ह्यांनी धरला. मग सवयीनं म्हणा किंवा आणखी कशानं, त्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला जो त्रास झाला, त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

सासूबाई ऐकत राहिल्या. "पुन्हा म्हण."

त्या पुन्हा म्हणाल्या.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "नाही हो माझा व्यावसायिक हेतू."

"हे अगदी स्पष्ट आलं," बाई म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर सासूबाईंचं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा नवी कवळी सासूबाईंच्या तोंडात होती. मी प्लास्टरच्या खोलीत कान देऊन उभी. आतून फक्त कपबशीचा आवाज. शेवटी राहवेना, तेव्हा बिस्किटांच्या निमित्तानं गेले आणि सासूबाईंच्या कानाशी वाकले. "भांडण?"

"झालं की काल."

"पण ह्या कुठे होत्या तेव्हा?"

"मागितली ना कुणीतरी माफी. आता हिला कशाला त्रास?"

"काय म्हणतेय सून?" मावशींनी विचारलं, आणि विचारताना त्यांची कवळी घसरली. त्यांनी चोरून ती जिभेनं वर ढकलली.

सासूबाईंनी ते पाहिलं. कप खाली ठेवला.

"हिचंही माप घे," त्या मला म्हणाल्या. "लायसन्सचं कुणी विचारलं तर फोनवर मी बोलते."