आपोआप उडणारा पाय

मी एक जुनी हातोडी आहे. पण मित्रांनो, जन्मात मी एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. माझं डोकं रबराचं. मी होते डॉक्टरबाईंची. गुडघ्याच्या वाटीखाली मला हलकंच टोकलं, की माणसाचा पाय आपोआप उडतो. मोठ्या पुस्तकांत या टोकण्याला उद्दीपन म्हणतात. आम्ही दवाखान्यात म्हणायचो डिवचणं.

एकदा एका पहिलवानाला मी असं डिवचलं, की त्याची चप्पल खिडकीतून उडाली, समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी घेऊन परत आली. खोटं वाटतंय? त्या गिऱ्हाइकालाच विचारा. बिचारा अजून तोंड लपवून फिरतो.

काही माणसं मात्र गुडघ्याकडे डोळे लावून पाय ताठ धरतात. मग बाई विचारायच्या, "सासूबाई काय म्हणतात?" माणूस बोलायला लागला, की टक्! पाय हवेत.

असं हसतखेळत चाललं होतं. मग आमच्या गल्लीतले शिंपीदादा जिन्यावरून पडले.

पाठीचा कणा दुखावला. सारा जन्म पायांनी मशीन चालवलेला माणूस कमरेखाली लाकूड होऊन खाटेवर पडला. बाई घरी तपासायला जायच्या. मी टोकायची, पाय ढिम्म. पिठाच्या पोत्यावर टोकल्यासारखं वाटायचं. वहिनी, म्हणजे दादांची बायको, श्वास रोखून उभ्या असायच्या.

आणि एका दुपारी पाय उडाला! चांगला जोरात उडाला.

"हलला! अहो, हलला तुमचा पाय!" वहिनी रडायलाच लागल्या.

मी बाईंच्या हातात होते. त्यांची बोटं माझ्याभोवती घट्ट आवळली. हसल्या मात्र नाहीत.

"बाई, ही हातोडी राहू द्या ना माझ्याकडे. रोज डिवचते, म्हणजे पाय आळसावायचा नाही."

त्या तोंडाकडे बघून बाईंना नाही म्हणवेना. मला खाटेच्या उशाशी ठेवून त्या गेल्या.

मग रोज सकाळी वहिनी म्हणायच्या, "चला, द्या बघू उत्तर!" टक्. पाय उडायचा. शेजारणी बघायला यायच्या. मी तर फुगून भोपळा झाले होते. वहिनींनी मशीनला तेल घातलं, गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, "कापड कुठं दुसरीकडे देऊ नका हं. हे उठतायत आता."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, की दादा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बघायचे. दात आवळायचे, घामाघूम व्हायचे. अंगठा हलायचा नाही. हे मी एकटीच बघत होते, आणि मला कुठं बोलता येतंय?

बाई पुन्हा आल्या, तेव्हा दादांनीच विचारलं, "पाय हातोडीचं ऐकतो, बाई. माझं का ऐकत नाही?"

बाई स्टुलावर बसल्या. "दादा, हातोडीचा ठोका पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तिथूनच माघारी फिरतो. तुमच्या डोक्यातला निरोप वाटेतच अडतोय. वरून कुणी आवरत नाही, म्हणून तर पाय एवढा उडतो."

"पण चालतील ना हे?" वहिनींनी विचारलं.

"मला नाही वाटत, वहिनी."

वहिनींनी झडप घालून मला उचललं. टक्. पाय उडाला. टक्. पुन्हा उडाला. "हा काय! बघा की! हा काय मग?"

"अगं, ती लाथ माझी नाही," दादा म्हणाले. "मला मारायची असती, तर लग्नाच्या वर्षीच नसती का मारली?"

वहिनी हसल्या नाहीत. मला ठेवून खाटेजवळ खाली बसल्या. मग दादांचा हात हळूहळू आला आणि त्यांच्या केसांवर टेकला. मित्रांनो, एवढे पाय मी उडवले, पण त्या हाताला कुणी टोकलं नव्हतं.

आता मशीन वहिनी चालवतात. दादा खाटेवर बसून काजं करतात. मी मशीनच्या खणात, रिळांच्या गर्दीत पडून असते. रबराला भेगा पडल्यात. वहिनी कधी कधी खण उघडतात, माझ्याकडे बघतात आणि लावून टाकतात.

तुमच्या घरात कुणी असं निपचित पडलं असेल, तर त्याला सारखं डिवचू नका रे. उडालं म्हणजे उत्तर आलं, असं नसतं. नुसते जवळ बसा.

आणि मी कधी तुमच्या हाती लागलेच, तर माझ्यानं खिळा ठोकू नका. तेवढी अब्रू राहू द्या म्हातारीची.