न धुतलेला सदरा

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे आणि गेल्या पाच वर्षांत मला पाणी लागलेले नाही. नाक मुरडू नका, आधी ऐका.

माझे कापड जयपूरजवळच्या बगरू गावचे. तिथल्या छिपांनी, म्हणजे कापड छापणाऱ्या कारागिरांनी, लाकडी ठशांनी माझ्यावर काळी-तांबडी फुले उमटवली आणि मला उन्हात वाळवले. जयपूरच्या रेल्वे वसाहतीतल्या आनंदीबाईंनी मला आपल्या कौशिकसाठी शिवून घेतले. तो परदेशात रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर निघाला होता. तिथे दर रविवारी तो मलाच घालायचा. लोक माझ्या फुलांची चौकशी करायचे आणि माझी छाती फुगायची.

मजुरांची बाजू घेतली म्हणून एका रविवारी पोलिसांनी त्याला उचलले. चौकीत एका अधिकाऱ्याने त्याचे चार दिवस हालहाल केले. मी त्याच्या अंगावरच होतो, पण काही करू शकलो नाही. कौशिक गेला. माझ्यावरचे त्याच्या रक्ताचे डाग तिथल्या कोर्टाने पाहिले आणि अधिकाऱ्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. मग मी जयपूरला, आनंदीबाईंच्या पेटीत आलो.

२००७च्या हिवाळ्यात बातमी आली, की त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या अधिकाऱ्याला माफ करून सोडून दिले. शेजारी म्हणाले, आता संपले. आनंदीबाईंनी रिठे भिजत घातले. लेकाचा कपडा आपल्या हाताने धुवायचा, एवढेच त्यांच्यासाठी उरले होते. मलाही पाणी हवे होते, फार हवे होते. मी बादलीच्या काठापर्यंत पोहोचलो होतो.

तेवढ्यात कौशिकच्या बहिणीने, वकिली शिकणाऱ्या सुवर्णाने, त्यांचा हात धरला.

"आई, ती माफी, मतलब, त्यांच्या देशातच चालते. छळाविरुद्ध खूप देशांनी करार केलाय. त्यातल्या दुसऱ्या देशात तो गेला, तर तिथलं कोर्ट त्याला धरू शकतं. हा सदरा तेव्हा लागेल."

"आणि तो गेलाच नाही तर?"

सुवर्णाने त्यांचा हात सोडला.

आनंदीबाईंनी ओले हात पदराला पुसले. "माफ करायचं, तर मला विचारायला हवं होतं," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझी घडी घातली. रिठ्याचे पाणी वाया नको म्हणून त्यात पडदे धुतले.

मित्रांनो, माझे भाईबंद तुम्हाला सांगतील, आम्हाला स्वच्छ ठेवा. मी उलटे मागतो. मला इतक्यात धुऊ नका. तो माणूस कुठल्यातरी कोर्टात उभा राहिला आणि निकाल लागला, की मग मला पाण्यात घाला, पण आनंदीबाईंच्याच हाताने. त्यांना आता सदुसष्टावे लागले आहे.