विमलाबाईंचं पदक आणि दोन चोर

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. जन्म अलीगढचा, पण हयात गेली रत्नागिरीत, दत्तात्रेयभाऊंच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथल्या काचेच्या कपाटाची राखण माझ्याकडे. पूर्वी भाऊ मला घासूनपुसून लखलखीत ठेवायचे, गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचे. आता कोण विचारतो! पण सगळीकडे नाक खुपसायची माझी खोड काही गेली नाही.

एकदा कपाटात एक शौर्यपदक आलं. विमलाबाईंच्या शहीद नवऱ्याचं. बाई इस्पितळात असताना पुतण्यानं जुन्या ट्रंकेसकट ते विकून टाकलं होतं. बाई दुकानात येऊन रडल्या, पण भाऊ म्हणाले, "मुंबईच्या गिऱ्हाइकाला शब्द दिलाय हो. आज संध्याकाळी ते न्यायला येतील."

भाऊ दुपारी दुकान बंद करून जेवायला गेले आणि मागच्या दारानं दोन म्हातारे आत शिरले. काशीराम आणि केरू, दोघेही निवृत्त फौजी. बोलण्यावरून कळलं, विमलाबाईंचा नवरा त्यांच्याच पलटणीतला, आणि पदक बाईंना परत द्यायचा त्यांचा बेत. अगोबाई, चोर असे असतात होय? मी कान टवकारले.

काशीराम तारेनं मला उघडू लागला. केरूनं टेबलावरचं चांदीचं तबक पिशवीत टाकलं.

"मेल्या, आपण फक्त पदक न्यायला आलोय!" काशीराम खेकसला.

"एवढी जोखीम घेतली, ती काय हात हलवत जायला?"

खरं सांगू? मी फार ताणून धरलंच नाही. कपाट उघडलं. काशीरामनं पदक टेबलावर ठेवलं आणि दोघांच्या टाचा आपसूक जुळल्या. कडक सॅल्यूट! अहो, पळा की आता! मी मनात ओरडत होतं. तेवढ्यात भाऊ दारात हजर. तरी दोघांचे हात खाली येईनात.

"पळालात का नाही?" भाऊंनी चक्रावून विचारलं.

"आमच्या शहीद सोबत्याला पाठ दाखवून पळायचं, भाऊ?" काशीराम म्हणाला.

केरूनं डोळे पुसले आणि तबक गुपचूप जागेवर ठेवलं. भाऊंनी पदक हातात घेतलं. मग त्यांनी मुंबईच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "माफ करा साहेब, ते विकायचं नाही." आणि चोरांना म्हणाले, "चला, बाईंच्या घरी. तुमच्याच हातून जाऊ दे ते."

मित्रांनो, घरातली जुनी ट्रंक काढून टाकण्याआधी एकदा विचारा, आतलं कुणाचं आहे ते.

त्या गडबडीत मला लावायचं सगळेच विसरले. संध्याकाळपर्यंत मी उघडंच लोंबत होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही.