नेटाच्या तीन टिकल्या

मे संपत आला की स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा शाळेत आणि तिला जोडलेल्या बालवाडीत टिकल्या वाटल्या जात. पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते मोठ्या कागदांवर लिहून हॉलच्या भिंतीला लावायचं, मग शिक्षक आणि पालक, प्रत्येकाने आपली आद्याक्षरं घातलेल्या तीन टिकल्या हव्या तिथे चिकटवायच्या. सगळ्यांत जास्त टिकल्या पडलेली तीन कामं आराखड्यात जात, त्यांना वेळापत्रकात तास मिळत. उरलेले कागद कपाटात.

मुख्याध्यापिका झाल्यापासून इशबेल रेनीने कधी टिकली लावली नव्हती. आपली एक पडली की बाकीच्या मेंढरांसारख्या मागे येतील, हे तिला ठाऊक होतं. शिवाय तिची आई नेटाच बालवाडीत शिकवायची. फाटकाच्या आत ती आईला 'मिसेस रेनी' म्हणे. आई तिला 'बाई' म्हणे आणि ओठ दाबून हसे.

आई फेब्रुवारीत गेली. हृदय अचानक थांबलं.

या वर्षी भिंतीवर चार कागद होते. लेखन, गणित, हजेरी. आणि चौथा बालवाडीतल्या रोनाने लावलेला, 'शुक्रवारची फेरी'. बालवाडीच्या पोरांना हाताला धरून पटांगणापलीकडे पहिलीच्या वर्गात न्यायचं, एक गोष्ट ऐकवायची, आपला कोट कुठल्या खुंटीला लागणार ते दाखवायचं. ऑगस्टमध्ये पहिली सुरू झाली की मग रडारड होत नाही. ही नेटा रेनीचीच रीत. गेल्या वर्षीही ती भिंतीवर होती आणि दोन टिकल्यांनी मागे पडली होती.

शिक्षक आणि पालक घरी गेल्यावर इशबेलने मोजणी केली. फेरी पुन्हा चौथी. हजेरीपेक्षा दोन कमी.

"असू दे बाई," रोना खुर्च्या रचत म्हणाली. "मी नेईन पोरांना जेवणाच्या सुट्टीत. नेटामावशी न्यायच्या तसंच."

"सुट्टीत?"

"मग कधी? तास कुठे होता त्यांना? शेवटपर्यंत शुक्रवारी जेवल्याच नाहीत." रोना थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

दर शुक्रवारी संध्याकाळी आई तिच्याकडे यायची आणि सूपचे दोन वाडगे संपवायची. "बालवाडीत उपाशी ठेवतात वाटतं," इशबेल थट्टेने म्हणायची. "शाळा तुमची, बाई. तुम्हीच बघा," आई म्हणायची आणि ब्रेड बुडवायची.

इशबेल कपाटाशी गेली. गेल्या वर्षीचे कागद गुंडाळी करून ठेवलेले होते. तिने फेरीचा कागद उलगडला आणि प्रत्येक टिकलीवरची अक्षरं वाचली. आईची एकही नव्हती. मग लेखनाचा उलगडला. तिथे, उजव्या कोपऱ्यात, ओळीने तीन. ने. रे., ने. रे., ने. रे.

गेल्या वर्षी तपासणीवाल्यांनी लेखनावर ताशेरे ओढले होते आणि इशबेल महिनाभर झोपली नव्हती. आईने कधी काही विचारलं नव्हतं.

 रोनाने खुर्च्या आवाज न करता ठेवायला सुरुवात केली.

मग इशबेलने टेबलावरचा टिकल्यांचा ताव घेतला, तीन टिकल्यांवर आपली अक्षरं घातली आणि त्या चौथ्या कागदावर लावल्या.

शाळेचा राखणदार आर्ची किल्ल्या घेऊन दारात उभा होता. इशबेल स्वतः बालवाडीत होती तेव्हापासूनचा तो.

"आठ वर्षांत पहिल्यांदा, पोरी. लोक म्हणतील, आईसाठी केलंस."

"म्हणू देत. उद्या मीच सांगणार आहे सगळ्यांना."

"नेटा असती तर रागावली असती हं."

"ती असताना लावायला हव्या होत्या, आर्ची."

 आर्चीने दिवे लगेच घालवले नाहीत.

त्या शुक्रवारी इशबेलने सवयीने सूपचं मोठं पातेलं चढवलं. डाळ, गाजर, डुकराचं हाड. अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं. तरी तिने ते शिजू दिलं. एक वाडगा घेतला. उरलेलं तीन दिवस पुरलं.