भिंतीला टेकलेली घसरगुंडी

मी घसरगुंडी बोलतेय. हसू नका. आता मला कोणी घसरगुंडी म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. इमारतीच्या पायऱ्यांवर तिरकी टाकलेली, स्कूटर चढवायची पत्र्याची पट्टी, एवढीच माझी ओळख उरली आहे. सकाळी चाकं माझ्यावरून खाली उतरतात, संध्याकाळी वर चढतात. पण पट्टी म्हणून कोणी जन्माला येत नाही. माझेही दिवस होते आणि ते मी सांगणार आहे. ऐकणाऱ्याला बरं वाटो की न वाटो.

माझा पत्रा मूळचा दुधाच्या टँकरचा. टँकर म्हातारा होऊन भंगारात गेला आणि तिथून एका वेल्डरने मला उचललं. त्याच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होते. गिऱ्हाईक यायचं, बोटाने टकटक करायचं, फाटकाला चालेल की टाकीला चालेल असं काहीतरी पुटपुटायचं आणि जायचं. मग एक दिवस एक उंच, हाडकुळी बाई आली. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी. तिने टकटक केली नाही. पिशवीतून कापसाचा बोळा काढला आणि माझ्या कडेवरून सावकाश फिरवला. दोन ठिकाणी तंतू अडकले.

"इथे आणि इथे कानस मार," ती म्हणाली. "कापूस अडकतो तिथे पोरांची कातडी अडकते."

"मावशी, घसरगुंडी करायची आहे की ऑपरेशन?"

"तू कानस मार. ऑपरेशनं मी पुष्कळ पाहिलीत."

त्या सिस्टर होत्या. सगळी नोकरी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात झालेली. निवृत्त झाल्या तरी वसाहतीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, घरची सूनसुद्धा. वेल्डरने मला वाकवलं, दोन्ही बाजूंना पाइप जोडले, वर उभं राहायला फळी आणि मागे शिडी लावली. पत्र्याचं काही घेतलं नाही. त्याचं पोर कधीकाळी त्यांच्याच वॉर्डात बरं झालं होतं.

आता मला जिथे नेलं त्या जागेचं सांगते. इमारतींच्या मागे एक रिकामा प्लॉट होता. वसाहतीच्या नकाशावर तो मुलांना खेळायला ठेवलेला होता. प्रत्यक्षात तिथे फुटके कमोड, फाटक्या गाद्या आणि घराघरांतून निघालेला राडारोडा खेळत होता. मुलं गाड्यांच्या मधे खेळत. एकदा गाडी मागे घेताना एका पोराच्या पायावरून चाक गेलं. त्याला उचलून सिस्टर धावल्या. गाडीच्या मालकाने उतरून आधी बंपर पाहिला. त्या दिवसापासून सिस्टरनी बागेचं डोक्यात घेतलं.

त्या दारोदार फिरल्या. इमारतींतून भरपूर मिळालं: सल्ले मिळाले, चहा मिळाला, "छान कल्पना आहे, सिस्टर" मिळालं. "आम्ही आहोत ना पाठीशी," असं तर प्रत्येक मजल्यावर मिळालं. पाठीशी होते ते खरंच. पुढे कोणी आलं नाही.

प्लॉटच्या पलीकडे वस्ती होती. इमारतींतली भांडी, फरश्या आणि गाड्या ज्यांच्या हातांनी स्वच्छ होत, त्यांची घरं. सिस्टर तिथे गेल्या तेव्हा एका बाईने सरळ विचारलं, "जागा आम्ही साफ करू. पण आमची पोरं खेळतील ना तिथे? की साफ झाल्यावर हाकलून द्याल?"

"माझा शब्द आहे," सिस्टर म्हणाल्या.

माझी सगळी कहाणी त्या एका शब्दाची आहे. मी फक्त पत्रा.

वस्तीतल्या बायापुरुषांनी कामावरून आल्यावर, दमलेल्या अंगाने, तो उकिरडा उपसला. गाद्या जाळल्या, काचा वेचल्या, जमीन सपाट केली. गॅलरीतून लोक बघत होते आणि धुळीबद्दल तक्रार करत होते. मागच्या हद्दीला एक मोठं झाड होतं. सावली तेवढीच होती, म्हणून सिस्टरनी मला तिथे, शिडी हद्दीकडे करून उभं केलं. उन्हात पत्रा तापला तर पोरांच्या मांड्या भाजतात, हे त्यांनी मला रोवतानाच सांगून टाकलं.

मग मुलं आली. इकडची फाटकातून आली, तिकडची कुंपणाच्या फटीतून आली. तुम्हाला काय सांगू, टँकर असताना माझ्या पोटात दूध हिंदकळायचं, त्याची आठवण होई असा तो कल्लोळ. सिस्टर रोज सकाळी यायच्या, माझ्या कडांवरून, जोडांवरून कापूस फिरवायच्या. अडकला की पिशवीतून कानस काढायच्या. मगच म्हणायच्या, "हं, चढा."

भिंगरी त्यांच्यातलीच. ज्या बाईने शब्द मागितला होता तिची मुलगी. ती कधीच सरळ घसरली नाही. पोटावर, पाठीवर, उलटी. एकदा तेलाच्या रिकाम्या डब्यात बसून आली आणि माझ्या खालच्या टोकाला हा पोचा पाडला. अजून आहे तो.

"बुडावर बसायचं असतं, पोटावर नाही," सिस्टर ओरडल्या.

"बुडावर बसून कंटाळा येतो," भिंगरी म्हणाली.

मला वाटलं, आता झालं सगळं छान. पण माणसाला सुख मिळालं की तो आधी बघतो, ते शेजाऱ्यालाही मिळालंय का. इमारतींतल्या आया वस्तीतलं मूल घसरून गेलं की मला रुमालाने पुसायच्या. मी रोज कापसाने पुसली जात होते, पण तो हात वेगळा आणि हा वेगळा. पत्र्यालाही कळतं.

वसाहतीच्या कमिटीचे अध्यक्षसाहेब एका संध्याकाळी आले. हे गृहस्थ शब्दांना इस्त्री करून बोलत. "सिस्टर, आपण भेदभाव करतच नाही. प्रश्न फक्त शिस्तीचा आहे."

"शिस्त बघायचीय तर रांग बघा," सिस्टर म्हणाल्या. "रांग रोज एकच जण मोडतो, आणि तो तुमचा नातू आहे."

साहेब हसले. असं हसणारी माणसं विसरत नाहीत.

मग सिस्टर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्यांची पाठ वळली आणि गवंडी आला. कुंपण काढून हद्दीवर भिंत घालायची होती. हद्द माझ्या शिडीला चिकटूनच होती. गवंड्याने दोरी धरली, शिडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पाय ठेवायला जागा राहत नाही. पोरं चढणार कशी?"

"तू भिंत घाल. चढायचं आम्ही बघू."

भिंत माझ्या फळीच्या उंचीला आली आणि शिडीची एकेक पायरी तिच्याआड चिणली गेली. उरलेल्या विटा आणि डबर उचलून नेण्याचा कंटाळा आला, म्हणून सगळं भिंतीपलीकडे, वस्तीच्या बाजूला फेकलं. काम संपलं म्हणून साहेबांनी हात झटकले.

दुसऱ्याच दिवशी काय झालं ऐका. भिंगरी विटांच्या ढिगावर चढली. ढिगावरून भिंतीवर. भिंतीवरून माझ्या फळीवर. आणि पोटावर घसरत थेट बागेत. तिच्यामागे सगळी वस्ती. आता इमारतीतल्या पोरांना शिडी बंद होती, आणि जी येऊ नयेत म्हणून भिंत घातली ती पोरं त्याच भिंतीवरून, खास त्यांच्यासाठी बांधलेल्या पायऱ्या चढल्यासारखी येत होती. इतकी हुशार माणसं एकत्र बसली की असलंच काहीतरी बांधतात.

सिस्टर परत आल्या, त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात वरून भिंगरी घसरत त्यांच्या पायाशी आली. सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी त्यांना असं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

कारण लगेचच भिंतीच्या माथ्यावर सिमेंटमध्ये काचा बसल्या. फुटलेल्या बाटल्यांच्या, टोकं वर करून. मुलांना कोणी सांगितलं नाही. भिंगरी नेहमीसारखी चढली, भिंतीवर तळहात टेकला, आणि तरीही घसरली, कारण मागे फिरायची तिला सवयच नव्हती. माझ्यावर वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ उमटली. ती रडली नाही. तळहाताकडे नुसती बघत बसली. सिस्टरनी रोज माझ्यासाठी आणलेला कापूस त्या दिवशी तिच्या हातावर दाबला.

बैठक झाडाखालीच झाली, माझ्या समोर. खुर्च्या मांडल्या होत्या. विषय होता: घसरगुंडीमुळे झालेला अपघात.

सिस्टर उभ्या राहिल्या. कापसात गुंडाळलेला काचेचा तुकडा त्यांनी साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला. "हा मी पोरीच्या हातातून काढलाय. घसरगुंडीला काचा नाहीत. काचा भिंतीला आहेत. कोणी लावल्या, त्याने हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही.

"सिस्टर, भावनेच्या भरात निर्णय घ्यायचे नसतात," साहेब म्हणाले. "घसरगुंडी नसती तर ती मुलगी चढली असती का?"

"तुमच्या इमारतीतलं पोर असतं तर काय काढलं असतंत? काच की घसरगुंडी?"

"विषय सोडून बोलू नका."

"मी विषयावरच आहे. ही जागा ज्यांनी उपसली त्यांना मी शब्द दिलाय. तेव्हा तुम्ही गॅलरीत होतात."

"तो तुमचा वैयक्तिक शब्द. कमिटीचा नाही," साहेब म्हणाले आणि मत घेतलं. घसरगुंडी काढावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. हात वर होऊ लागले. पाठीशी असलेले सगळे आज पुढे आले. सिस्टरचा मुलगा मागच्या रांगेत बुटाकडे बघत बसला होता. त्याला पुढच्या कमिटीत यायचं होतं. त्याचा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं. "पूर्ण वर कर, बाळा. अर्धा हात साहेबांना दिसत नाही."

त्याने केला.

त्यानंतर सिस्टर वस्तीत गेल्या. तिथे त्यांचं तोंड कसं दिसत होतं ते मला ठाऊक नाही, मधे भिंत होती. आवाज तेवढा आला. "मला शब्द पाळता आला नाही," त्या म्हणाल्या. मग भिंगरीची आई म्हणाली, "सिस्टर, तुमच्यावर राग नाही. आम्हाला ठाऊकच होतं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावण्याइतकीही आशा तिने ठेवली नव्हती, हे सिस्टरना फार लागलं असणार. मला तर लागलंच.

मला उपटलं. जागेवर हिरवळ लावली, मधोमध कारंजं बसवलं, पाटी आली: गवतावर चालू नये. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, रंगीत फीत बांधली, आणि ऐनवेळी लक्षात आलं की कात्री कोणीच आणली नाही. साहेबांनी धावत माणूस पाठवला. सिस्टरच्या पिशवीत कात्री असते, हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं.

सिस्टर खाली आल्या नाहीत. खिडकीतूनच म्हणाल्या, "ही कात्री जखमेची पट्टी कापायची आहे. फीत दातांनी तोडा म्हणावं."

मी तेव्हा पंपाच्या खोलीमागे उताणी पडले होते. ते ऐकून माझ्या अंगावर साचलेलं पाणीसुद्धा थरथरलं असेल.

ती बाग अजून आहे. फार सुंदर दिसते. तिच्यात कोणी नसतं. मुलं पुन्हा गाड्यांच्या मधे खेळतात. माझी शिडी आणि पाइप कापून नेले आणि मला इथे पायऱ्यांवर टाकलं, साहेबांच्या स्कूटरसाठी. सिस्टर कायमच्या लेकीकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांची ट्रंक माझ्यावरूनच खाली सरकवली. माझ्यावरून सरकलेली ती शेवटची चांगली वस्तू. त्या माझ्याशेजारी क्षणभर थांबल्या, पिशवीत हात घातला, आणि रिकामाच बाहेर काढला. मी समजून घेतलं. ज्यावर पोरं खेळायची नाहीत, त्याच्या कडा कशाला बघायच्या.

तुम्ही बाग करायला निघाला असाल तर मला पुन्हा उभी करा, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. मला भट्टीत घाला, वितळवा, पातेली करा, माझी हरकत नाही. पण माझी पुन्हा घसरगुंडी करायची असेल तर आधी कापूस घेऊन या आणि तो माझ्यावर नाही, स्वतःच्या मनावरून फिरवा. कुठे अडकतो ते बघा. अडकला आणि कानस मारायची तयारी नसेल, तर कोणाच्या पोरांना शब्द देऊ नका.

आज दुपारी इमारतीत एक नवी मुलगी कामाला आली. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या. पायऱ्या टाळून ती माझ्यावरून चढू लागली आणि पहिल्याच पावलाला थबकली. बादल्या खाली ठेवल्या. वाकून माझ्या टोकाचा पोचा पाहिला, त्यात बोटं फिरवली. तिच्या तळहातावर आडवा, जुना वण होता. मग तिने स्वतःच्या बाहीचं टोक धरलं आणि माझ्या कडेवरून सावकाश फिरवलं, अगदी तसंच. बाही अडकली.

"तू होय," ती हळूच म्हणाली.

वरच्या मजल्यावरून आवाज आला, "ए, पायऱ्यांवरून ये. ती पट्टी गाड्यांसाठी आहे."

तिने माझ्यावरचा पाय काढला, बादल्या उचलल्या आणि पायऱ्यांवरून गेली. माझ्या कडेला तिच्या बाहीचा एक धागा अडकून राहिलाय. संध्याकाळी स्कूटर येईपर्यंत राहील.