कुलूपबंद भूगोल

भूगोलाच्या सरांचा ऑनलाइन वर्ग अख्ख्या शाळेत सर्वांत नेटका होता. प्रत्येक धड्याला खण, खणात उपखण, उपखणात सूचना आणि सगळ्याला कुलूप, मुलांनी काही हलवू नये म्हणून. मुलांनी काहीच हलवलं नाही. मुळात कुणी तिकडे फिरकलंच नाही.

गणिताच्या बाईंनी मात्र आपल्या ऑनलाइन वर्गात मुलांना कोरं पान दिलं होतं. "तुमचं तुम्ही लावा, अडलं तर मी आहेच." तिथे झुंबड! शिक्षकांच्या खोलीत बाईंचा फोन किणकिणला की सरांच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं; पोट ठणठणीत निघालं.

शेवटी 'ठोंब्या' असं टोपणनाव घेऊन सर बाईंच्या वर्गात विद्यार्थी म्हणून घुसले.

"नवीन का रे?" 'चिमणी' नावाच्या मुलीनं लिहिलं. "तुझा कोपरा लावून घे."

"कोणत्या नियमानुसार? कळावे," ठोंब्यानं विचारलं.

"आजोबांसारखं काय लिहितोस! तुला लागतं ते वर ठेव, बाकीचं खाली. दुसऱ्यानं आवरलेल्या कपाटात तुला मोजे सापडतात का?"

सरांना आजवर सापडले नव्हते. त्यांनी मुकाट्यानं कोपरा लावला. मुलांनी ठोंब्याला 'होतकरू विद्यार्थी' ठरवलं. नोकरीत कधी शाबासकी न मिळालेले सर चक्क लाजले.

मग त्यांनी मुलांनी केलेला एक खण उघडला. नाव होतं, 'विचारायला लाज वाटते ते'. आणि आत काय? सगळा भूगोल! 'वारा मुळात वाहतोच कशाला?' 'समुद्र खारट, मग नदी का नाही?' खाली चिमणीची ओळ: 'सरांनाच विचारलं असतं, पण त्यांच्या वर्गात प्रश्न ठेवायला जागाच नाही.'

अरेरे! ज्या वर्गावर आपण जळत होतो, तिथे मुलं आपलाच विषय घेऊन बसली होती!

सर बाईंसमोर उभे राहिले. "बाई, तो ठोंब्या..."

"माहीत आहे हो. तरी आत राहू दिलं. 'कळावे' दुसरं कोण लिहितं?" बाई हसल्या. "सर, सगळं आवरून हातात दिलं की मुलं पाहुणी होतात. साधन कसं वापरायचं ते दाखवा आणि बाजूला उभे राहा. निघून मात्र जाऊ नका हं!"

सरांनी सगळी कुलुपं काढली. मुलांनी वर्ग पार उलटापालटा केला आणि लाजेचा खण सर्वांत वर लावला. सर रोज त्यात उत्तरं देतात.

वाचकहो, मुलांसाठी जागा जरूर करा. पण ती लावायची मुलांनीच. स्वतः लावलेल्या जागेतच त्यांना स्वतःचे प्रश्न सापडतात.

बाईंवरचं सरांचं जळणं संपलं. आता त्यांना फक्त ठोंब्याचा हेवा वाटतो. मुलं अजून विचारतात, "सर, तो कुठे गेला हो? फार गुणी होता!"